इन-इअर मॉनिटरची पारख

इन-इअर मॉनिटर हा कानाच्या नळीत बसून तिचे तोंड बंद करणारा इअरफोन आहे. नळी बंद झाल्याने बाहेरचा गोंगाट अडतो आणि त्या लहानशा बंद पोकळीत छोट्या पडद्यालाही खोल खर्ज उमटवता येतो. साधा इअरफोन कानाच्या पाळीत नुसता टेकतो, त्यामुळे त्याला हे जमत नाही. हे साधन आधी रंगमंचासाठी आणि ध्वनीच्या जाणकारांसाठी तयार झाले. अमेरिकेतील एटिमोटिक रिसर्च कंपनीने 1991 मध्ये ईआर-4 बाजारात आणला. पुढे 1995 च्या सुमारास ध्वनिअभियंता जेरी हार्वी यांनी व्हॅन हेलन या बँडचे ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानात बसणारे मॉनिटर घडवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. तेव्हा हे साधन व्यावसायिक कलावंत आणि मोजके जाणकार यांनाच परवडत असे. गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी त्याची किंमत दोन हजार रुपयांच्या आसपास आणली. आता कुरिअर जिथवर पोचते तिथवर, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या गावांपर्यंतही ते सहज येते.

किंमत उतरली तशी निवड अवघड झाली. शेकडो मॉडेल उपलब्ध आहेत आणि जाहिरातींचा भर ड्रायव्हरच्या संख्येवर व ‘दमदार बेस’वर असतो. ऐकण्याचे समाधान मात्र आधी तीन गोष्टींवर ठरते: मॉनिटर कानात नीट बसतो का, तो ओळखीचा आवाज ओळखीचाच ठेवतो का, आणि तो कमी आवाजात ऐकवतो का. किंमत, ड्रायव्हर आणि कंपनीचे नाव यांचा विचार त्यानंतर करावा.

गरज आधी ठरवावी

बीड जिल्ह्यात इअरफोनचा वापर प्रामुख्याने चार प्रकारचा आहे. पहिला वापर अभ्यासाचा. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तासन्‌तास व्याख्याने ऐकतात. त्यांना स्पष्ट बोलणे, हलके वजन आणि कानाला न टोचणारा आकार हवा. खर्ज भरपूर असण्याची गरज नाही, कारण फुगलेला खर्ज बोलण्यावर पसरतो आणि ऐकणारा लवकर थकतो.

दुसरा वापर प्रवासाचा. सोलापूर–धुळे महामार्गावर एसटीत बसले की इंजिनाची आणि चाकांची घरघर सतत कानावर पडते. तिला दाबण्यासाठी साध्या इअरफोनचा आवाज वाढवावा लागतो. चांगला बसलेला मॉनिटर ती घरघर बाहेरच अडवतो, त्यामुळे कमी आवाजात भागते.

तिसरा वापर ऊसतोडीच्या हंगामातला. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि काही महिने कोपीत राहतात. तिथे फोन चार्ज करायलाच सोय शोधावी लागते, तर ब्लूटूथ बडची डबी कुठे चार्ज करणार? तारेच्या मॉनिटरला चार्जिंग लागत नाही. त्याची बॅटरी खराब होण्याचा प्रश्न नाही, आणि तार सुटी होणारी असेल तर तुटल्यावर फक्त तारच बदलावी लागते. मायक असलेली तार घेतली की फोनवर बोलण्याचेही काम होते.

चौथा वापर निव्वळ संगीताचा. अभंग, कीर्तन, शास्त्रीय गायन, चित्रपटगीते असे सारे त्यात येते. या श्रोत्याला सूर, शब्द आणि वाद्ये आपापल्या जागी ऐकू यायला हवीत. पुढील बरेचसे विवेचन त्याच्यासाठी असले तरी पारखण्याची पद्धत चौघांनाही सारखीच लागू होते.

आत काय असते

मॉनिटरमध्ये आवाज निर्माण करणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. डायनॅमिक ड्रायव्हर लाउडस्पीकरच्याच तत्त्वावर चालतो: चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते आणि त्याला जोडलेला पडदा हवा ढकलतो. त्याचा व्यास बहुधा 6 ते 12 मिलिमीटर असतो. खर्ज भरीव आणि नैसर्गिक देणे ही त्याची ताकद. बॅलन्स्ड आर्मेचर हा प्रकार श्रवणयंत्रांतून आला. चुंबकांच्या मधोमध ठेवलेली बारीक पट्टी थरथरते आणि एका दांडीतून ती हालचाल पडद्याला मिळते. हा भाग अगदी लहान असल्याने एका कवचात अनेक बसवता येतात आणि वरचे सूर रेखीव उमटतात. प्लॅनर ड्रायव्हरमध्ये पातळ पडद्यावरच वाहक रेषा छापलेल्या असतात आणि सगळा पडदा एकसारखा हलतो. झटपट वाजणारे बोल त्यात सुटे ऐकू येतात. खर्जासाठी डायनॅमिक आणि वरच्या सुरांसाठी आर्मेचर अशा जोडीला हायब्रिड म्हणतात.

ड्रायव्हर जास्त म्हणून आवाज चांगला, असे समीकरण नाही. अनेक ड्रायव्हरांमध्ये आवाज वाटून देणारी विद्युत जुळणी नीट नसेल तर गायकाचा गळा वर चढताना मध्येच वेगळा वाटू लागतो. एकच ड्रायव्हर नीट जुळवलेला असेल तर तो चार ड्रायव्हरांच्या मॉडेलपेक्षा सरस ठरू शकतो.

कानात बसवण्याची रीत

नव्या मॉनिटरबद्दलच्या पुष्कळ तक्रारी चुकीच्या टिपमुळे असतात. कानाच्या नळीचे तोंड आणि टिप यांच्यामध्ये बारीक फट राहिली तरी सर्वांत आधी खर्ज निसटतो. आवाज पत्र्यासारखा पातळ होतो आणि दोष मॉनिटरच्या माथी बसतो.

डब्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा सिलिकॉनच्या टिपा येतात. तिन्ही लावून पाहाव्यात. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्याच असतील असे नाही. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी टिप लागली तर तशीच वापरावी. बहुतेक मॉनिटरची तार कानाच्या वरून मागे घ्यायची असते. बसवताना दुसऱ्या बाजूचा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते. मग मॉनिटर हलकेच आत सरकवून थोडा फिरवावा. काढताना झटका देऊ नये, आधी फिरवून हवा सुटू द्यावी.

नीट बसल्याची खूण ओळखणे सोपे आहे. तोंड मिटून ‘म्म’ असा हुंकार दिला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला हवा. दोन्ही बाजूंना तो सारखा घुमत नसेल तर एका कानात फट आहे. 40 ते 50 हर्ट्झचा सलग सूर वाजवूनही हेच तपासता येते. जबडा हलवला, मान वळवली तरी तो सूर कमी-जास्त होता कामा नये. बसवताना डायनॅमिक ड्रायव्हरमधून कधीकधी ‘कट्’ असा आवाज येतो. आत दाबल्या गेलेल्या हवेने पडदा वाकतो म्हणून तसे होते, सावकाश बसवल्यास ते टळते.

सिलिकॉनने जमले नाही तर फोमच्या टिपा वापराव्यात. बोटांनी दाबून आत घातल्यावर त्या फुलतात आणि नळीचा आकार घेतात. त्या बाहेरचा आवाज अधिक अडवतात आणि तीव्र ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, थोडा मऊ करतात. त्या लवकर मळतात व झिजतात, त्यामुळे काही महिन्यांनी बदलण्याचा खर्च धरून चालावे.

कशाशी ताडून पाहावे

मॉनिटरचा आवाज ‘चांगला’ की ‘वाईट’ हे ठरवायला एक माप लागते. ते माप म्हणजे प्रत्यक्ष ऐकलेला, यंत्रातून न गेलेला आवाज. या बाबतीत बीडचा श्रोता श्रीमंत आहे. नारायणगड, गहिनीनाथगड अशा गडांच्या परिसरात आणि गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. पखवाज, टाळ, वीणा आणि हार्मोनियम जवळून ऐकलेले लोक प्रत्येक गावात आहेत. अंबाजोगाई तालुक्यातले आपेगाव तर पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर यांचे गाव. मंडपात मात्र बहुतेक वेळा ध्वनिक्षेपक आणि त्यावरचा एको ऐकू येतो. खरे माप हवे असेल तर भजनी मंडळाच्या सरावाला, मायक नसताना, वादकाच्या चार-पाच हातांवर बसून ऐकावे.

पखवाज ही खर्जाची उत्तम कसोटी आहे. त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्यामुळे खोल आणि गोल घुमारा निघतो. उजव्या तोंडावर शाई असते, तिथून स्वच्छ, सुरेल थाप येते. चांगल्या मॉनिटरमध्ये डाव्या हाताचा घुमारा सुरू होतो, भरतो आणि थांबतो. खर्ज फुगवलेल्या मॉनिटरमध्ये एक घुमारा संपायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो आणि द्रुत लयीत सगळ्याचा एकच गोळा होतो. खर्ज कमी असेल तर पखवाज तबल्याकडे झुकतो.

टाळ वरच्या सुरांसाठी पाहावा. काशाच्या टाळाचा आघात, त्यानंतरचा झणत्कार आणि त्याचे हळूहळू विरणे हे तिन्ही ऐकू आले पाहिजे. ट्रेबल चढा असेल तर टाळ कानात बोचतो. दबलेला असेल तर फक्त ‘टक्’ उरते, झणत्कार हरवतो. संबळ आणि हलगी यांच्या कडक आघातांवरून मॉनिटर झटक्याला कसा सामोरा जातो हे कळते.

तानपुरा खोल सुरांची लांबी मोजतो. गायकाची पट्टी काळी एक असेल तर षड्ज सुमारे 138 हर्ट्झचा आणि खर्जाच्या तारेचा सूर त्याच्या निम्मा, सुमारे 69 हर्ट्झचा असतो. पण त्या तारेचे सौंदर्य मूळ सुराइतकेच जवारीमुळे निघणाऱ्या वरच्या सुरांत असते. खालचा आधार आणि वरची झिलई दोन्ही एकाच वेळी ऐकवणारा मॉनिटर समतोल समजावा.

मानवी आवाज ही सर्वांत कडक कसोटी. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झ आणि स्त्रीचा 165 ते 255 हर्ट्झ असतो. शब्दांची स्पष्टता मात्र 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यातून येते, तर स, श, च, छ यांचा सीत्कार 5 ते 8 किलोहर्ट्झच्या आसपास असतो. कीर्तनाच्या अनेक मुद्रणांत मायक तोंडाशी असतो आणि ही अक्षरे आधीच धारदार झालेली असतात. त्यावर चढ्या ट्रेबलचा मॉनिटर लावला की अर्ध्या तासात डोके दुखू लागते.

मुद्रणे निवडताना त्यांचे स्वरूप माहीत असावे. पंडित भीमसेन जोशी यांची अभंगवाणी खर्ज, टाळ आणि भरदार गळा या तिन्हींसाठी उपयोगी आहे. किशोरी आमोणकर यांच्या गायनात आलापातले बारीक स्वर ऐकावेत. ‘गीतरामायण’ 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. त्या काळातल्या मोनो मुद्रणांत आवाज डोक्याच्या मधोमध ऐकू येतो, तो मॉनिटरचा दोष मानू नये. 2016 च्या ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद मुद्रित केला. व्हायोलिनांचा ताफा, पितळी वाद्ये आणि खाली चालणारे तालवाद्य वेगवेगळे ऐकू येतात का, हे तपासायला ते संगीत फार चांगले.

तुलना करण्याची पद्धत

दोन मॉनिटर ऐकताना त्यांचा आवाज समान पातळीवर आणणे ही पहिली अट. एखादा डेसिबल मोठा असलेला आवाजही मनाला अधिक भरीव आणि स्पष्ट वाटतो. फोनच्या व्हॉल्यूमचा आकडा सारखा ठेवून समानता येत नाही, कारण प्रत्येक मॉनिटरची संवेदनशीलता वेगळी असते. एकाच गायकाचा एकच तुकडा वाजवून गळा दोन्हींत सारखाच जवळ वाटेल इतका व्हॉल्यूम लावावा आणि मगच खर्ज-ट्रेबल तोलावे.

एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे. पहिल्या फेरीत फक्त पखवाज, दुसरीत फक्त गळा, तिसरीत फक्त टाळ. तुकडा अर्ध्या-एक मिनिटाचा असावा, ध्वनिस्मृती त्याहून फार टिकत नाही. निरीक्षणे लगेच वहीत लिहावीत: कोणते मुद्रण, कोणती टिप, कोणता फोन आणि काय ऐकू आले. ‘मस्त’, ‘दमदार’ असे शेरे नंतर कामाला येत नाहीत. ‘डाव्या हाताचा घुमारा लांबतो’, ‘गळा मागे सरकतो’, ‘च बोचतो’ असे लिहिले की महिन्याने दुसऱ्या मॉनिटरशी ताडून पाहता येते.

अंतिम मत पहिल्या दिवशी बनवू नये. मेंदूला नव्या आवाजाची सवय होत जाते आणि सुरुवातीला चमकदार वाटलेला ट्रेबल आठवड्याने दमवू लागतो, किंवा फिका वाटलेला आवाज रोजच्या सोबतीचा होतो. काही दिवस वापरून मग जुन्या इअरफोनकडे परतावे. त्या परतण्याच्या क्षणी दोन्हींतला फरक सर्वांत स्पष्ट होतो.

काही प्रचलित मॉडेलांचे स्वभाव

दीड ते अडीच हजारांच्या टप्प्यात मूनड्रॉप चू 2, सेव्हन हर्ट्झ सॅल्नोट्स झीरो 2 आणि तांगझू वानर ही नावे वारंवार पुढे येतात. तिन्हींत प्रत्येक कानाला एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे. चू 2 चे कवच धातूचे आणि लहान असल्याने लहान कानांत चांगले बसते. त्याचा आवाज स्वच्छ आहे, शब्द पुढे येतात. पहिल्या चू ची तार पक्की जोडलेली होती, दुसऱ्या आवृत्तीत ती सुटी होते. झीरो 2 प्लास्टिकचा आणि वजनाला हलका आहे. मूळ झीरो थोडा उजळ बाजूचा होता, झीरो 2 मध्ये खोल खर्ज वाढवलेला आहे, त्यामुळे चित्रपटगीते आणि पखवाज दोन्हींना तो शोभतो. वानरचा आवाज ऊबदार, खालचा मध्यभाग भरलेला. व्याख्याने आणि जुनी गाणी तासन्‌तास ऐकणाऱ्याला तो मानवतो. याच किमतीतला केझेड झेडएसएन प्रो एक्स हायब्रिड आहे. त्याचा खर्ज आणि ट्रेबल दोन्ही चढे, गळा काहीसा मागे. नाचाच्या गाण्यांना तो उत्साह देतो, कीर्तनाला मात्र तीव्र वाटू शकतो.

पाच ते आठ हजारांच्या आसपास ट्रुथइअरचे झीरो रेड आणि हेक्सा येतात. झीरो रेडमध्ये दोन डायनॅमिक ड्रायव्हर आहेत, एक फक्त खर्जाचा. समतोल आवाजाला खोल खर्जाची जोड ही त्याची खासियत. त्याचे नॉझल, म्हणजे टिप चढवायचे पुढचे टोक, जाड आहे, म्हणून अरुंद नळीच्या कानात तो दुखू शकतो. हेक्सामध्ये एक डायनॅमिक आणि तीन आर्मेचर आहेत. खर्ज मापात, वाद्ये सुटी, गळा स्वच्छ असा त्याचा स्वभाव. शास्त्रीय गायनासाठी या टप्प्यातील तो चांगला पर्याय आहे.

शूर एसई 215 हा रंगमंचावर वर्षानुवर्षे वापरला जाणारा मॉनिटर. आवाज ऊबदार, ट्रेबल दबलेला, बाहेरचा गोंगाट अडवण्यात उत्तम आणि बांधणी टिकाऊ. दहा हजारांच्या पुढे सेनहायझर आयई 200 सारखे लहान, हलके मॉडेल मिळते. प्लॅनर ड्रायव्हरचा सेव्हन हर्ट्झ टाइमलेस द्रुत लयीतल्या बोलांसाठी ऐकण्यासारखा आहे. एटिमोटिकचा ईआर-4 एसआर एकाच आर्मेचरचा आहे. त्याची तीन कड्यांची टिप नळीत खोल जाते आणि बाहेरचा आवाज 35 डेसिबलहून अधिक अडवते, असे कंपनी सांगते. त्याचा खर्ज वाढवलेला नाही. आवाजाचा बारकावा हवा असणाऱ्याला तो अतिशय प्रिय होतो, पण इतकी खोल टिप प्रत्येकाला सोसत नाही.

दोन हजारांवरून आठ हजारांवर गेल्यावर वाद्यांचे सुटेपण आणि बारकावे वाढतात. त्यापुढे पैशांच्या मानाने मिळणारा फरक कमी होत जातो. पहिला मॉनिटर घेणाऱ्याने खालच्या टप्प्यापासून सुरुवात करावी, स्वतःची आवड वहीत उमटू द्यावी आणि मगच वर जावे.

आलेख कसा वाचावा

मॉनिटरच्या चाचण्यांसोबत वारंवारतेचा आलेख दिलेला असतो. त्यात डावीकडे खर्ज, उजवीकडे ट्रेबल आणि उभ्या रेषेवर आवाजाची पातळी. आलेख सपाट नसतो आणि तसा असूही नये. माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती 3 किलोहर्ट्झच्या जवळपासचे सूर नैसर्गिकरीत्या उचलून धरते. मॉनिटर नळीत बसला की ही सोय बिघडते, म्हणून त्या जागी त्याला स्वतःच उंचवटा द्यावा लागतो. हा उंचवटा कमी पडला तर गळा दूर जातो, जास्त झाला तर तो अंगावर ओरडतो.

शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत अनेक श्रोत्यांच्या पसंतीचा अभ्यास करून जी रेषा ठरवली, ती ‘हार्मन टार्गेट’ म्हणून ओळखली जाते. तुलनेसाठी ती सोयीची आहे, पण ती सरासरी पसंती सांगते. 8 किलोहर्ट्झच्या पुढचा आलेख विशेष सावधपणे घ्यावा. मापनयंत्राच्या कृत्रिम कानात त्या भागात स्वतःचा एक उंचवटा येतो आणि प्रत्यक्ष कानात टिप किती खोल आहे यावर तो बदलतो.

फोन, डोंगल आणि रेडिओ

बहुतेक मॉनिटरना वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची गरज नसते. 32 ओहम इंपीडन्स (विद्युत अडथळा) आणि 105 डेसिबल प्रति मिलिवॉट संवेदनशीलता असलेला मॉनिटर अर्ध्या व्होल्टवरच सुमारे 114 डेसिबल आवाज देतो. इतका आवाज कानाला घातक आहे. काही कंपन्या संवेदनशीलता प्रति व्होल्ट छापतात. 32 ओहमच्या मॉनिटरसाठी तो आकडा प्रति मिलिवॉटपेक्षा 15 डेसिबलने मोठा दिसतो. तुलना करताना एकक पाहून घ्यावे.

3.5 मिलिमीटरचे छिद्र नसलेल्या फोनला टाइप-सी डोंगल लागतो. डोंगलमध्ये डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारी चिप असते. अनेक ड्रायव्हरांच्या मॉनिटरसाठी डोंगलचा आउटपुट इंपीडन्स मॉनिटरच्या इंपीडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा, नाहीतर खर्ज-ट्रेबलचा तोल बदलतो. 4.4 मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जोडणीने ताकद वाढते, पण सहज वाजणाऱ्या मॉनिटरला तिचा फारसा उपयोग नाही.

आकाशवाणी बीडचे एफएम फोनवर ऐकणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोनमधला एफएम रेडिओ इअरफोनच्या तारेचाच अँटेना म्हणून वापर करतो. 3.5 मिलिमीटरच्या छिद्रात तारेचा मॉनिटर लावला की केंद्र लागते. ब्लूटूथ बडवर किंवा बहुतेक डोंगलांवर ही सोय नसते.

मूळ मुद्रण कमी दर्जाचे असेल तर महाग मॉनिटर ते सुधारत नाही, उलट त्यातले दोष उघडे करतो. उपलब्धांपैकी चांगली प्रत शोधावी आणि अ‍ॅपमध्ये ऑडिओची गुणवत्ता सर्वांत वरची निवडावी. आवाजाचा तोल किंचित खटकत असेल तर इक्वलायझरने दोन-तीन डेसिबलचा फरक करून पाहावा. वाढवण्यापेक्षा नको तो पट्टा कमी करणे बरे, त्याने आवाज फाटत नाही.

खरेदी आणि निगा

जिल्ह्यातल्या मोबाइलच्या दुकानांत नेकबँड आणि ब्लूटूथ बड मुबलक दिसतात, निवडक मॉनिटर मात्र ऑनलाइनच मागवावे लागतात. कानात घालायची वस्तू असल्याने पुष्कळ विक्रेते ती परत घेत नाहीत, म्हणून परतीची अट आणि भारतातील वॉरंटी आधी वाचावी. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा. पहिल्याच दिवशी डावा-उजवा आवाज सारखा आहे का, तार हलवल्यावर खरखर होते का आणि मोनो मुद्रणात गळा बरोबर मध्ये येतो का, हे तपासावे. ओळखीत कुणाकडे मॉनिटर असेल तर स्वतःच्या स्वच्छ टिपा लावून तो आधी ऐकावा.

सुट्या तारेसाठी 0.78 मिलिमीटरची दोन पिन आणि एमएमसीएक्स असे दोन प्रकार रूढ आहेत. दुसरी तार घेताना प्रकार जुळवून घ्यावा. पिन तिरकी ओढू नये.

बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, घाम आणि धूळ दोन्ही वाढतात. वापरानंतर मॉनिटर कोरड्या मऊ कापडाने पुसून बंद डबीत ठेवावा, डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नये. टिपा आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच लावाव्यात. फोमच्या टिपा धुऊ नयेत. नॉझलच्या जाळीवरचा मळ, तोंड खाली धरून, मऊ ब्रशने झाडावा. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होणे हे बहुधा जाळी बुजल्याचे लक्षण असते. ओल्या कानात मॉनिटर घातल्यास बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. अंघोळीनंतर कान कोरडे होऊ द्यावेत आणि टिपा दुसऱ्यांना देऊ नयेत.

गायक-वादकांसाठी

भजनी मंडळे आणि वाद्यवृंद यांना मंचावर स्वतःचा आवाज ऐकण्यासाठी समोर ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरवर अवलंबून राहावे लागते. त्याचा आवाज मायकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. कानातला मॉनिटर ही अडचण दूर करतो आणि गायकाला पट्टी सांभाळणे सोपे होते. त्यासाठी मिक्सरवर मॉनिटरला वेगळे मिश्रण देणारा स्वतंत्र ऑक्स मार्ग, बिनतारी संच आणि अचानक येणारा मोठा आवाज अडवणारा लिमिटर असावा. लिमिटरशिवाय कानातला मॉनिटर मंचावर वापरू नये. श्रोत्यांचा प्रतिसाद ऐकू यावा म्हणून एक मायक मंडपाकडे तोंड करून लावतात आणि त्याचा थोडा आवाज मिश्रणात घेतात. एक कान उघडा ठेवण्याची सवय टाळावी. तसे केल्यास दुसऱ्या कानातला आवाज नकळत वाढवला जातो.

श्रवणाची मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. मुलांसाठी ही पातळी 75 डेसिबल आहे. आवाज 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5 आणि 92 ला अडीच तास, तेही पूर्ण आठवड्याचे. ज्यांचे कामच गोंगाटात असते, मग ते परळीचे औष्णिक वीज केंद्र असो वा साखर कारखाना, त्यांच्या कानांवर हा भार आधीच पडलेला असतो. त्यांनी इअरफोनचा वेळ आणखी कमी ठेवावा. कामावर मॉनिटर हा सुरक्षा-साधनांचा पर्याय नाही.

व्हॉल्यूम नेहमी शांत खोलीत ठरवावा आणि बाहेर गेल्यावर तो वाढवू नये. वाढवावासा वाटला तर टिप नीट बसलेली नाही असे समजून ती आधी तपासावी. तासाभराने कानांना विश्रांती द्यावी. दुचाकीवर, रस्त्याने चालताना, रेल्वे रुळांजवळ, ट्रॅक्टर किंवा उसाच्या गाड्यांभोवती मॉनिटर अजिबात घालू नये. तो बाहेरचा आवाज अडवतो, आणि तिथे बाहेरचा आवाजच जीव वाचवतो.

ऐकून झाल्यावर कानात गुणगुण राहणे, बोलणे दबल्यासारखे वाटणे, समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारावे लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी इअरफोनचा वापर थांबवून बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मोठ्या आवाजाने आतल्या कानातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून मॉनिटर निवडताना कमी आवाजातही पूर्ण संगीत ऐकवणारे मॉडेल पहिल्या पसंतीचे मानावे. नीट बसणारी टिप, समतोल आवाज आणि बेताचा व्हॉल्यूम एवढे साधले तर दोन हजारांचा मॉनिटरही अनेक वर्षे उत्तम साथ देतो.